कॉलरमागचं नाव

टेरेन्स एडना ऑग्डेनच्या दारात उभा होता, हातावर गडद हिरवा कोट टाकून.

"कोट परत द्यायला आलो, आंटी."

"आत ये. आधी बूट पूस."

असे चार कोट तिनेच शिवले होते. तेव्हा टेरेन्सच्या बँडमधली ही चार पोरं ऑल्डहॅमच्या चर्चच्या हॉलमध्ये वाजवायची. मग तेच कोट टीव्हीवर गेले, त्यांचं गाणं देशात चौथ्या नंबरावर गेलं. पुढच्या दोन्ही रेकॉर्ड आपटल्या. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. लंडनच्या मॅनेजरने ठरवलं, गाणारा टेरेन्स तेवढा ठेवायचा, बाकी तिघांनी घरी बसायचं. त्यातला ड्रमवाला नॉर्मन, एडनाचा मुलगा, आत्ता स्वयंपाकघरात दार लावून होता.

"नॉर्मन, टेरी आलाय रे! निरोप घ्यायला आलाय. ये की बाहेर."

आत नळ सुरू झाला.

"माझ्याशी बोलणार नाही तो," टेरेन्स म्हणाला.

"माझ्याशी तरी कुठे बोलतोय!"

तिला टेरेन्सचा रागही धड येत नव्हता. लहानपणी अर्धी जेवणं इथेच झाली होती त्याची. तिने कोट घेतला आणि सवयीने कॉलर उलटली. शाळेच्या स्वेटरला शिवतात तशी नावाची पट्टी तिने चारही कोटांना शिवली होती. घाईत या पोरांची हमखास अदलाबदल व्हायची.

"गाढवा, हा नॉर्मनचा आहे."

"तरीच खांद्यात आवळायचा. टीव्हीवर पण हाच होता." टेरेन्स थकल्यासारखा हसला.

"नॉर्मन, ऐकलंस का? तुझा कोट याच्याकडे होता! याचा घेऊन ये."

नळ बंद झाला. दोघंही दाराकडे बघत राहिले. नळ पुन्हा सुरू झाला.

"राहू दे, आंटी. मला लंडनवाल्यांनी नवा शिवून दिलाय. हा काय, अंगावरच आहे."

एडनाला ते लागलं. तिने त्याला जवळ ओढलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. शिलाई तिच्यापेक्षा चांगली होती. मग तिने त्याची कॉलर उलटून पाहिली. आत नुसतं अस्तर.

"नाव नाही घातलं?"

"कशाला घालतील?" टेरेन्स त्या बंद दाराकडे बघत म्हणाला. "आता अदलाबदल व्हायला दुसरं आहे कोण?"