फळ्यावरचा डोस

नर्सिंग कॉलेजच्या बाई दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर तान्ह्या बाळाच्या औषधाचा डोस लिहायच्या : ५ मिली. मुली माना खाली घालून तो मुकाट्यानं वहीत उतरवायच्या. मग बाई बजावायच्या, "पॉइंट पाच हवा! नोट्स हातानं नाही, डोक्यानं काढायच्या."

यंदा एकीचं पेन थांबलं. "बाई, एवढ्याशा जिवाला पाच? पॉइंट राहिला का?"

इतक्या वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं. बाई खुर्चीत बसल्या. "मी शिकत होते तेव्हा आमच्या बाईंचाही राहिला होता. तू का नव्हतीस गं माझ्या बाकावर?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

"मी तसाच उतरवून घेतला," त्या म्हणाल्या. "आणि वॉर्डात दिलाही तसाच."