पाच चिमटी

तिसऱ्या दिवशीही जोगी कडुलिंबाखालून हलला नाही, तेव्हा कैलासीने सुपात तांदूळ घेतले.

तीन दिवस तो नुसत्या पाण्यावर होता. सकाळ-संध्याकाळ उंबऱ्याशी यायचं, सारंगी एकदा छेडायची आणि म्हणायचं, "माई, भिक्षा." एवढंच. कान नुकतेच चिरलेले होते; कुंडलांभोवती अजून खपली होती. दोन वर्षांपूर्वी याच उंबऱ्यावर बसून तो कैलासीच्या हातची निखाऱ्यावर भाजलेली गरम लिट्टी मोडून खायचा आणि मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरायचा. तेव्हा तो तिचा नवरा होता, आणि त्याचं नाव रामअधार होतं.

मठाचा नेम सगळ्या गावाला ठाऊक होता. आईने आणि बायकोने आपल्या हाताने भिक्षा घातली, की जोग पुरा होतो. बायकोला माई म्हणायचं, तिने झोळीत घालायचं, मग नातं उरत नाही. आईने पहिल्याच दिवशी रडत रडत घातली होती. अडलं होतं ते कैलासीपाशी. तिने भिक्षा घालेपर्यंत तो ना मठाचा, ना घराचा; आणि तोवर झोळीतला दाणाही तोंडात घालायचा नाही. असा मधेच लटकलेला माणूस भुकेने का होईना घरी वळेल, या एका आशेवर ती दार लोटून बसली होती.

शेजारच्या दुलारी काकीने तिला परोपरीने समजावलं. शेवटी ती दारातूनच म्हणाली, "उपाशी ठेवून बैल वळतो गं, जोगी नाही वळत. हा इथे मेला तर कपाळ पुसावं लागेल. दिलंस, तर कुठेतरी जिवंत आहे एवढं तरी म्हणशील."

तीन दिवसांत सासूनेही धड घास गिळला नव्हता.

कैलासी सूप घेऊन बाहेर आली. दाराशी बांधलेली शेळी उठून उभी राहिली. जोगी पुढे आला आणि त्याने झोळी पसरली. कैलासीने सूप तिरपं केलं. तांदूळ सरसर खाली गेले.

आणि मग तिचा हात आपोआप झोळीत शिरला. एक चिमूट तिने परत घेतली. दुसरी. तिसरी.

भिक्षा बघायला अंगणात जमलेल्या बायका चपापल्या. लेक सासरी निघाली की तिच्या पदरात तांदूळ-हळद घालतात आणि घातलेल्यातल्या पाच चिमटी काढून घेतात, लेकीने पुन्हा यावं म्हणून. त्या मुलखातली ही रीत लहान पोरीलाही ठाऊक असते. कैलासीने पाचवी चिमूट घेतली आणि मूठ घट्ट मिटली.

जोग्याने झोळी आवरली नाही. खाली बघतच तो म्हणाला, "लेक परत येते, माई."

कैलासीने झोळीवर हात नेला आणि मूठ सोडली.

तो निघाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. उसाच्या शेतापर्यंत गेला आणि तिथे बांधावर मटकन बसला. झोळीतले कच्चे तांदूळ मूठ मूठ तोंडात कोंबू लागला. नीट चावतही नव्हता. कैलासीचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं. चुलीवर भात तयार होता. सासूने तिचा दंड धरला.

थोड्या वेळाने बांध रिकामा झाला. बायकाही पांगल्या.

कैलासीने तळहात पाहिला. घामाने दोन दाणे चिकटून राहिले होते. तिने चटकन मूठ मिटली, छातीशी धरली आणि तशीच उभी राहिली.

शेळीने मान लांब करून ती मूठ हुंगली. एकदा, दोनदा. कैलासी बांधाकडेच बघत होती. बघता बघता तिने शेळीपुढे मूठ उघडली.