गोधडीच्या पोटात

मैनाबाईने गोधडी ओट्यावर अंथरली आणि भाग्यश्रीच्या तोंडाकडे पाहिलं. मैनाबाईच्या गोधडीला नावं ठेवणारं माणूस दिंडोरी तालुक्यात अजून जन्माला यायचं होतं, तरी गिऱ्हाइकाचं तोंड पाहिल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. वर जांभळी रेशमी साडी, तिच्या शेजारी मोरपंखी, कडेने जरीचे काठ. बोटाबोटाच्या अंतराने टाक्यांच्या ओळी, आणि एक टाका वाकडा नाही.

भाग्यश्रीने गोधडी उलटी करून पाहिली, परत सुलटी केली.

"मावशी, हिरवी कुठे आहे? ती सुती, बारीक चौकडीची?"

"ती पोटात घातली." मैनाबाईने गोधडीवर थाप मारली. "लय विरली होती, ताई. पदराची तर जाळी झालेली. विरलेलं आत अन् धड ते वर, ही रीतच हाय. वर लावली असती तर महिन्यात फाटली असती."

रीत बरोबरच होती. चुकलं असेल तर भाग्यश्रीचं. आईच्या सात साड्यांचं गाठोडं तिने नाशिकहून आणून दिलं आणि कोणती वर हवी ते सांगायचंच राहून गेलं. तिच्या लेखी त्या गाठोड्यात साडी एकच होती, बाकीच्या नुसत्या सोबतीला.

तिचे वडील गोविंदराव मागे काठी टेकून उभे होते. रामकुंडावर त्यांनी चाळीस वर्षं यात्रेकरूंची श्राद्धं चालवली, गेलेल्या माणसाला कसं सोडायचं ते हजारोंना सांगितलं. आता स्वतःची बायको गेल्याचं त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. निजायची वेळ झाली की ते तिला घरभर शोधत, आणि ती हिरवी साडी हातात दिली की पदर मुठीत धरून झोपी जात. धरून धरून पदर विरला. साडी टिकावी म्हणून भाग्यश्रीने ती गोधडीला दिली. त्याला आज वीस दिवस झाले होते, आणि त्या वीस दिवसांत गोविंदरावांना धड झोप नव्हती.

"बाबा, बसा इथे. ही बघा, आईची गोधडी."

गोविंदराव ओट्यावर टेकले. रेशमावरून त्यांचा हात फिरला आणि जरीपाशी थांबला.

"छान आहे. कोणाची?"

"आईच्या साड्या आहेत ह्या, बाबा."

"कुसुमच्या?" त्यांनी मान हलवली. "ती असलं कुठे नेसते? कपाटात ठेवते नुसतं." त्यांनी हात काढून घेतला आणि रस्त्याकडे पाहिलं. "ती आली नाही का अजून?"

भाग्यश्रीला रडू आवरेना. "उसवा मावशी," ती म्हणाली. "सगळी उसवा. मला ती साडी काढून द्या."

"ती निघायची नाय आता. सुई समद्या थरांतून गेलीय. ओढली तर चिंध्या हाती येतील."

मैनाबाईला राग आला होता, आणि का येऊ नये? वीस दिवस डोळे फोडून केलेलं काम, आणि बाई म्हणते उसवा. पण गोविंदराव रस्त्याकडेच बघत होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवरचं धोतर चिमटीत धरत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती. मैनाबाई ते बघत राहिली.

"पदर याच हातात धरत्यात?" तिने विचारलं.

"हो."

मैनाबाई आत जाऊन कात्री घेऊन आली. गोधडीचं तोंड एकदा शिवलं की पुन्हा उघडू नये, घराला चांगलं नसतं, असं तिची सासू सांगायची, आणि ते तिने आजवर पाळलं होतं. कोणत्या डब्यात कोणती डाळ हे जसं बाईला पाठ असतं, तसं कोणत्या कोपऱ्यात काय घातलंय ते तिला पाठ होतं. हिरवा पदर होता तो डोक्याकडचा कोपरा तिने मांडीवर घेतला. वीतभर कड उसवली, मग आतल्या चार-पाच ओळींचे टाके एकेक करून काढले. मोकळ्या झालेल्या कडा दुमडून तिने बारीक टाके घातले, म्हणजे पुढे उसवायला नको. गोधडीला एक खिसा झाला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून उघड्या तोंडाची गोधडी बाहेर पडणार होती.

तिने गोविंदरावांचा हात धरून त्या खिशात घातला.

आत बोटं चाचपडली आणि थांबली. रेशमाखाली त्यांची मूठ हळूहळू वळताना वरून दिसत होती.

"इथे आहेस होय," गोविंदराव म्हणाले.

त्यांनी खांबाला पाठ टेकली. पाच मिनिटांत त्यांची मान कलली, तोंड किंचित उघडं पडलं. भाग्यश्रीने ओंजळीने स्वतःचं तोंड दाबून धरलं.

तेवढ्यात द्राक्षाची फवारणी उरकून शेजारच्या वाल्मीकचा ट्रॅक्टर धडधडत गल्लीत शिरला. मैनाबाई दोन्ही हात वर करून त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. वाल्मीकने इंजिन बंद केलं. त्याने ओट्यावरचं म्हातारं माणूस पाहिलं, शेजारी रडणारी बाई पाहिली, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"काकू, कधी गेले?" त्याने हळूच विचारलं.

"गेलं नाय कुणी," मैनाबाई म्हणाली. "झोप लागलीय त्यांना."