पसरलेले हात

सुगतचे बाबा एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेले. पोराला जवळ घेणं त्यांना कधी जमलं नाही. पण टीव्हीवर त्यांच्या आवडत्या फुटबॉल संघानं गोल केला, की सगळं विसरून ते सुगतला गच्च मिठी मारायचे. तेवढ्यासाठी तर लातूरला नोकरी करणारा सुगत शनिवार आला की नांदेडची गाडी धरायचा.

मग नवा नियम आला. गोल झाला तरी पंच खेळ थांबवून व्हिडिओ तपासायला लागले. दोन-तीनदा मिठी मारल्यावर गोल रद्द झाला, तेव्हा बाबा चोरी पकडल्यासारखे ओशाळून बाजूला झाले. त्यांना परत तसं व्हायला नको, म्हणून सुगतच त्यांना आधी थांबवायचा.

परवाच्या शनिवारी संध्याकाळी गोल झाला. दुखण्यानं पार वाळलेले बाबा भिंतीला धरून उठले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"थांबा बाबा," टीव्हीवरची नजर न काढता सुगत म्हणाला. "चेंडू हाताला लागला का, ते बघून राहिलेत."

"हाव, बघू दे. घाई कशाला," म्हणत बाबा हळूच खाली बसले.

चार मिनिटांनी गोल कायम झाला. बाबा बसल्या जागीच हसले.



आज बाबांना उचलायला चौघं कधीचे थांबलेत, अन् सुगतची मिठी काही सुटत नाही.