ढेरपोटेमामांचा डाव

मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या अंतिम सामन्यात शमाने ढेरपोटेमामांना निवडलं तेव्हा सभागृह खदखदून हसलं. लाथ मारताना स्वतःच आपटणारं हे पात्र गेम बनवणाऱ्यांनी निव्वळ चेष्टेसाठी ठेवलं होतं. दोन वर्षं खपून शमाने त्या पडण्यातूनच डाव बसवले होते. तिने प्रतिस्पर्धी यशोधनला लागोपाठ दोन फेऱ्यांत लोळवलं.

"हा निकाल धरता येणार नाही," आयोजक म्हणाले. "मामा गमतीपुरते आहेत. दुसरं पात्र घेऊन पुन्हा खेळा."

"असं नियमांत कुठं लिहिलंय?" शमाने संतापून विचारलं.

यशोधन ताडकन उठला. "मी जीव तोडून खेळलो आणि हरलो. त्याचीही चेष्टा करताय? मी पुन्हा खेळणार नाही."

नाइलाजाने आयोजकांनी चषक पुढे केला. शमाने तो घेतला, पण फोटोसाठी ती हसली नाही.