द्वादशीची ओहोटी

नवनाथरावांची लेक संजना हर्णैच्या कोळीवाड्यात दिलेली. श्रावणात तिचे सासरे हिराजी तांडेल पहिल्यांदाच पंचवटीत पाहुणचाराला आले आणि नवीकोरी गाडी त्यांनी थेट गोदाघाटावर लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच भोंगा वाजला. नवनाथराव चहाचा कप तसाच ठेवून उठले. "व्याही, गाडी वर घ्या. धरणातून पाणी सोडलंय."

हिराजी मनमोकळं हसले. "अहो, चाळीस वर्षं दर्यात होडी हाकली मी, या नदीला काय भ्यायचं?" मग कोळ्यांच्या हिशेबाने तिथी बोटांवर मोजून म्हणाले, "आज द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती, तीनला ओहोटी. चढलेलं पाणी उतरतंच."

मुलीच्या सासऱ्यापुढे जास्त बोलणार तरी काय? नवनाथराव गुपचूप घाटावर गेले आणि गाडी जाड दोराने खांबाला बांधून आले.

नऊला पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या पावलांना लागलं. "ही झाली भरती," हिराजी म्हणाले. बाराला मारुतीचे गुडघे बुडाले, तेव्हा त्यांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. तीनला पाणी कमरेवर चढलं आणि गाडीचं नुसतं छत दिसायला लागलं.

हिराजींनी पुन्हा एकदा बोटं मोजली. मग खिशातून मोबाइल काढला आणि घसा खाकरून हळूच विचारलं,



"व्याही, तुमच्याकडची ओहोटी कुणाला फोन केला की येते हो?"