कापसाच्या भिंती

वास पहिल्यांदा गिरधरला आला. त्याची बोटं कीबोर्डवर होती, टेप फिरत होती आणि शेवटचं गाणं निम्म्यावर आलं होतं. थांबला असता तर सगळं पुन्हा. म्हणून तो वाजवत राहिला. पण काहीतरी जळत होतं.

त्याने मान वळवून पाहिलं. पाहण्यासारखा फक्त कापूस होता. धरणगावच्या सोहनलालशेटच्या जिनिंगमधलं हे गोदाम. दाबून, पट्ट्या आवळून बांधलेल्या गाठी पार पत्र्यापर्यंत रचलेल्या. मधे खोलीएवढी मोकळी जागा, आणि तिच्यात जळगावच्या कॉलेजातली तीन पोरं आपली पहिली कॅसेट रेकॉर्ड करत होती. मुंबईच्या स्टुडिओपेक्षा इथे आवाज छान दबतो, असं अभिमनचं म्हणणं. अभिमन गायचा, गिटार वाजवायचा आणि मुंबईचा स्टुडिओ त्याने पाहिलेला नव्हता. बँडचं नाव ‘ब्लॅक कॉटन’. ते भूगोलाच्या पुस्तकातल्या ‘ब्लॅक कॉटन सॉइल’वरून, म्हणजे कापसाच्या काळ्या मातीवरून, घेतलं होतं.

गोदाम मिळालं ते गिरधरमुळे. त्याचे वडील शेटचे मुनीम. शेट लग्नासाठी राजस्थानात गेलेले, रविवार असल्याने मशीन बंद. वडिलांनी उभ्या नोकरीत पहिल्यांदाच शेटला न विचारता किल्ली दिली. देताना एवढंच म्हणाले, “गाठीला लागलेली आग दिसत नाही, बेटा. आतल्या आत धुमसते. दिसायला लागते तेव्हा वाचवण्यासारखं काही राहत नाही.” हा आशीर्वाद घेऊन गिरधर सकाळपासून वाजवत होता.

फाटकावर उखर्डूभाऊ रखवालदार होता. त्याने तिघांचे खिसे तपासले आणि ड्रमवाल्या तोतारामची काडेपेटी काढून घेतली. मंडपवाल्याकडून आणलेली वायर मात्र कोणी तपासली नाही. ती गाठींच्या मागून आली होती, जागोजागी जोडलेली होती, आणि जोडणारा तोताराम होता.

गिरधरने हात उचलले. गाणं फाटलं.

“झालं!” अभिमन ओरडला. “इतकं चांगलं आपण जन्मात वाजवलं नव्हतं.”

“काहीतरी जळतंय.”

“तुला सकाळपासून जळतंय,” तोताराम म्हणाला. “मघाशी माझ्या चपलेचा वास आला, तर हा पाण्याची बादली घेऊन आला.”

पण आता वास त्यांनाही आला होता. मग अभिमनने नाक वर केलं, डोळे मिटले आणि तो हसला.

“अरे येड्या, हे तर भरीत! पऱ्हाट्यांवर वांगी भाजतोय कोणीतरी.”

हे पटण्यासारखं होतं. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडायला लागली होती. भरीत भाजायचं ते कापसाच्या वाळल्या काड्यांवरच, नाहीतर त्याला भरीत म्हणायचं नाही. त्यामुळे खानदेशी माणसाला कापूस जळाल्याचा वास आला, की पळायच्या आधी भूक लागते.

“उखर्डूभाऊ आणि विस्तव?” गिरधर म्हणाला. “तो बिडीसुद्धा रस्त्यापलीकडे जाऊन ओढतो.”

“मग भरीतही पलीकडेच भाजत असेल. बांधावर. आपल्यासाठीच रे, सकाळी विचारत होता जेवणाचं.”

“मी बघून येतो.”

“जा. आणि मग टेप तू दे. एवढीच उरलीये.”

गिरधर उभा राहिला. वायरीपर्यंत पोचायचं तर गाठी हलवायला हव्या होत्या, आणि एकेक गाठ हलवायला हमाल लागत. बाहेर जाऊन यावं, तर मागे ही दोघं भित्रा म्हणणार, ते कॉलेज संपेपर्यंत पुरलं असतं. आपल्या बापाची नोकरी आणि आपली इज्जत यांतलं काय जास्त जळतं, याचा त्याने थोडा वेळ विचार केला. मग तो खाली बसला.

पुढची पाच-सहा मिनिटं आज लोक कौतुकाने ऐकतात. या गाण्यात कीबोर्डला जी थरथर आहे, ती कुठल्या बटणाने आणली, असं पिंप्राळ्यातल्या घरी शिकवणीला येणारी मुलं गिरधरला विचारतात. तो सांगतो, बटण नव्हतं. मुलांना हा विनय वाटतो. कॅसेट लावली, की तो अंगणात जाऊन उभा राहतो. सोहनलालशेटच्या त्या गोदामातून बाहेर पडलेला तो शेवटचा माल.

वाजवताना वास वाढत गेला. अभिमन भुकेने अधिकच पेटून गायला लागला. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात धूळ जरा जास्तच दिसत होती. तिला धूळ म्हणायचं, असं गिरधरने ठरवलं. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. पाठीमागची भिंत उबदार वाटत होती. कापूस उबदारच असतो, हेही त्याने स्वतःला समजावलं. बोटं ऐकत नव्हती, ती आपापली थरथरत होती, आणि नेमकी सुरात थरथरत होती.

शेवटचा सूर विरला. अभिमनने टेप बंद केली आणि गिरधरच्या पाठीत धपाटा घातला. “भित्र्या! काय वाजवलंस!”

गिरधरलाही हसू आलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याने पूर्ण श्वास घेतला. दार ढकलून उखर्डूभाऊ आत आला. हातात समोरच्या टपरीवरची चहाची किटली होती.

“चहा राहू द्या, भाऊ,” अभिमन म्हणाला. “आता डायरेक्ट भरीत वाढा. केव्हाचा वास सोडलाय!”

“कसानं भरीत?”

“आता लपवता काय? तुम्ही भाजताय ना वांगी, बांधावर?”

उखर्डूभाऊने किटली खाली ठेवली. कपाळावरच्या भंडाऱ्याला हात लावला आणि तो दुखावल्या आवाजात म्हणाला,

“चंपाषष्ठी व्हवापहिले मी वांगाले हात बी लावत नही, भाऊ.”